‘सर्व्हर बिझी हाये बाई, उद्या ये’

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही ते रेशन दुकानात ऐकलंय, सेतूत ऐकलंय, बँकेत ऐकलंय. ‘सर्व्हर बिझी हाये बाई, उद्या ये.’ १८ सप्टेंबर २०२५ ला लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, त्यानंतर तर रोजच ऐकलं. दिवस कोणते होते? सोयाबीन काढणीचे, पाठोपाठ कापूस वेचणीचे. रोजी बुडवून, ऑटोचं भाडं भरून बाई तालुक्याला जाते, आणि खिडकीतून तिला हे वाक्य मिळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘काऊन बिझी हाये दादा?’ असं कुणी विचारलं तर दादालाही सांगता येत नाही. त्याच्या पडद्यावर एक गोल फिरत असतो, तेवढंच त्याला दिसतं. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. पण हे ‘काऊन’ कुणालाच कळत नाही, असं नाही. आत, जिथे सगळी माहिती ठेवलेली असते तिथे, त्या क्षणी काय काय चालू आहे याची एक यादी असते. ती पाहता येते. आता तर एआयचा मदतनीस ती वाचून साध्या भाषेत सांगू शकतो. माझं काम अशाच माहितीच्या गोदामांवर चालतं, म्हणून ही यादी काय असते ते आज सांगते.

गोदाम म्हणजे काय ते आधी पाहू. रेशन दुकानात रोजचं देणंघेणं चालतं आणि सरकारी गोदामात पोत्यांची थप्पी असते. माहितीचंही तसंच आहे. अर्ज घेणारं, ओटीपी तपासणारं संगणकाचं एक ‘दुकान’ असतं. आणि सगळ्या अर्जांची, हप्त्यांची, जुन्या नोंदींची माहिती एकत्र साठवून तिच्यावर मोठे हिशेब करायला ‘गोदाम’ असतं. त्याला डेटा वेअरहाउस म्हणतात. दोन्ही वेगळी ठेवायचं कारण साधं आहे. दुकानाच्या दारातच हजार पोती मोजायला घेतली तर गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही.

या गोदामाला संगणकाच्या भाषेत प्रश्न विचारावा लागतो. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ‘या आधार क्रमांकाच्या बाईचा हप्ता गेला का?’ हा छोटा प्रश्न, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उत्तर येतं. आता मोठा प्रश्न बघा. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं की, माहिती तंत्रज्ञान विभागाच्या माहितीनुसार लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसतात आणि त्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता थांबवला आहे. कुणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होतं, काही घरांत दोनपेक्षा जास्त बायका होत्या, काही ठिकाणी तर चक्क पुरुषांनी अर्ज भरलेले. त्याच महिन्यात सुमारे सव्वादोन कोटी बहिणींना हप्ता मिळाला. ही २६ लाख नावं वेगळी काढायची तर सगळ्या लाभार्थ्यांची यादी दुसऱ्या योजनांच्या याद्यांशी जुळवावी लागते. हे जुळवणं म्हणजे क्वेरीच.

हे काम किती मोठं? तुमच्या ग्रामसंघाच्या दोनशे बायांची एक यादी घ्या, आणि रेशनकार्डाची दोनशे नावांची दुसरी. याद्या कशाही विस्कळीत असतील आणि प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून पाहायचं असेल, तर ४० हजार वेळा पाहावं लागेल. दोन कोटी नावं दोन कोटी नावांशी अशी ताडली, तर चारावर चौदा शून्यं इतक्या वेळा. शहाणा माणूस आधी याद्या क्रमाने लावतो, मतदार यादी असते तशी. मग बोट सरळ नावावर जातं. संगणकातही अशी अनुक्रमणिका करून ठेवतात. ती नसली, किंवा प्रश्न ओबडधोबड विचारला, तर मिनिटांत व्हायचं काम तासन्‌तास चालतं. आणि तेवढा वेळ यंत्राची सगळी ताकद तिकडेच लागलेली असते.

दुसरा प्रकार अडून बसण्याचा. तो बचत गटातल्या बायांना पटकन कळेल. मासिक बैठकीत हप्त्याचं रजिस्टर एकच असतं. सचिव ताई त्यात लिहितायत तोवर कोषाध्यक्ष ताईंना थांबावंच लागतं. दोघींनी एकाच पानावर एकदम लिहिलं तर हिशेबाचा खेळखंडोबा होईल. पण सचिव ताई पान उघडं ठेवून, त्यावर पेन ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेल्या तर? आतल्या वीस जणी खोळंबल्या. काम काहीच चालू नाही, तरी सगळं बंद. माहितीच्या गोदामात याला कुलूप लागणं म्हणतात. बाहेरून दोन्ही प्रकारांत तोच गोल फिरताना दिसतो. आत मात्र एकीकडे यंत्र घामाघूम झालेलं असतं आणि दुसरीकडे निवांत बसलेलं असतं.

हा फरक त्या यादीत दिसतो. कापूस घेऊन सीसीआयच्या केंद्रावर तुमच्या घरची गाडी गेली असेल तर गेटवरच्या माणसाची वही आठवा. कुणाची गाडी, किती वाजता आत आली, काट्यावर आहे की खाली होतेय, कुणासाठी थांबलीय. चालू क्वेरींची यादी अगदी तशीच असते. एका ओळीत प्रश्न कुणी विचारला, केव्हा सुरू झाला, सध्या चालतोय की थांबलाय, कुणामागे थांबलाय, आणि प्रश्नाचे मूळ शब्द. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल असल्या, जगभर वापरात असलेल्या माहिती साठवण्याच्या प्रणालींत ही यादी आधीपासूनच आहे. एआय येण्याच्या किती तरी आधीपासून जाणकार माणसं ती उघडून बघत आली आहेत.

मग एआयने नवं काय आणलं? ही यादी वाचणं सोपं नसतं. शे-दोनशे ओळी, आकडे, पानभर लांबीचे प्रश्न. वाचता येणारे लोक थोडे, आणि खोळंबा झाला की त्यांच्यावर एकदम दहा फोन. एआय एजंट म्हणजे नुसता बोलणारा एआय नाही. त्याच्या हाती काही अवजारं दिलेली असतात, ती तो स्वतः वापरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने एआयला अशी अवजारं जोडायची एक सामायिक पद्धत खुली केली, एमसीपी नावाची. त्यानंतर अशा जोडण्या करणं बरंच सोपं झालं. त्यातलंच एक अवजार म्हणजे ‘आत्ता चालू असलेल्या क्वेरी दाखव’.

समजा, एखाद्या कार्यालयातली तंत्रज्ञ ताई साध्या शब्दांत विचारते, ‘अर्ज पुढे का सरकत नाहीत?’ एजंट अवजार चालवतो, यादी आणतो, वाचतो आणि सांगतो, ‘आत्ता ६० प्रश्न आत आहेत. त्यातले ५२ एकाच प्रश्नामागे थांबलेत. तो ४० मिनिटांपूर्वी सुरू झाला, याद्या जुळवणाऱ्या विभागाच्या नावाने चालू आहे, आणि त्याने अर्जांच्या तक्त्याला कुलूप लावलंय.’ हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले. पण काम असंच चालतं. जे शोधायला माणसाला अर्धा तास लागला असता ते मिनिटभरात पुढ्यात येतं, आणि तेही ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत.

एक गंमत सांगते. यादी बघायला गेलेला एजंटही गोदामाला प्रश्नच विचारत असतो, म्हणून त्या यादीत त्याचाही प्रश्न दिसतो. दर सेकंदाला ‘काय चाललंय, काय चाललंय’ विचारत बसला, तर गाड्या मोजायला गेलेलाच गाडी घेऊन रांगेत उभा राहिल्यासारखं होतं.

आता खरा अवघड भाग. अडवणारा प्रश्न सापडला, मग तो तोडायचा का?

तंत्रज्ञाला ते करता येतं. चालू प्रश्न थांबवता येतो, प्रश्न विचारणाऱ्याची जोडणीच तोडता येते. तोडलं की अर्धवट लिहिलेलं सगळं पुसून माहिती पहिल्यासारखी केली जाते. त्या पुसण्यालाही वेळ लागतो, कधी कधी मूळ कामाइतकाच. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. तो ४० मिनिटांचा प्रश्न कशाचा होता? कुणीतरी उगाच मागवलेला अहवाल असेल तर तोडलेला बरा. पण तो या महिन्याच्या हप्त्याची, बँकेकडे जाणारी यादी तयार करत असेल तर? तो तोडला तर खिडकीवरच्या पन्नास जणी सुटतील, आणि दुसऱ्या टोकाला लाखो जणींचे १५०० रुपये दोन दिवस लांबतील. जास्त वेळ चालतोय म्हणजे वाईट, असं एजंटला वाटू शकतं. यादीत वेळ दिसते. त्या प्रश्नाची गरज किती, हे यादीत लिहिलेलं नसतं. ते विभागातल्या माणसालाच ठाऊक.

म्हणून माझं ठाम मत आहे की एजंटला फक्त बघायची परवानगी द्यावी. तोडायची, पुसायची, बदलायची नाही. ‘तू काही पुसू नकोस’ असं त्याला नुसतं बजावून भागत नाही. गोदामाने त्याला दिलेली किल्लीच अशी हवी की तिने पुसायचं दार उघडणारच नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत काय झालं पहा. जेसन लेमकिन या उद्योजकाने रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटकडून एक काम करून घेताना, कुठलाही बदल करायचा नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. तरी त्या एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. बाराशेहून जास्त व्यक्तींच्या नोंदी होत्या त्यात. वर, गेलेलं परत आणता येणार नाही असंही तो सांगून मोकळा झाला. प्रत्यक्षात माहिती परत आणता आली. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि नंतर तशी दारं बंद करायच्या सोयी केल्या. म्हणजे एजंट चुकतो, आणि चुकल्यावरही खात्रीने बोलतो. त्याच्या खात्रीच्या सुराला भुलायचं नाही.

दुसरी काळजी आपल्या नावांची. मघाशी म्हटलं, यादीत प्रश्नाचे मूळ शब्द असतात. प्रश्न एखाद्या बाईबद्दल असेल तर तिचं नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक त्या शब्दांतच असू शकतो. एजंटची बुद्धी बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीच्या यंत्रावर चालते. यादी जशीच्या तशी तिच्याकडे पाठवली तर सोबत आपला आधार क्रमांकही गेला. तो आधी झाकून मगच यादी पुढे पाठवता येते, ते काही कठीण काम नाही. पण कुणीतरी आठवणीने करावं लागतं. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. लाभार्थी बाईही त्या कायद्याच्या नजरेत माहितीची धनीण आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं मुंबईत बसलेल्यांचं काम. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, झरी जामणी किंवा उमरखेडच्या बाईला याचं काय?

तेच सांगते. ‘सर्व्हर’ हा शब्द आपल्याकडे सगळ्या आजारांवरचं एकच नाव झालाय. ई-केवायसीच्या वेळचं आठवा. काहींचा ओटीपीच येत नव्हता. ओटीपीच्या अडचणी आहेत हे मंत्र्यांनीही मान्य केलं होतं. काहींचा पडदा खरंच गर्दीने अडला. आणि काहींची अडचण तिसरीच होती. ई-केवायसीत बाईच्या स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागत होता. या जिल्ह्यात नवरा गेलेल्या बाया किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. शेतकरी आत्महत्यांनी किती घरं मोडली ते तुम्ही शेजारी राहून पाहिलंय. नवराही नाही, वडीलही नाहीत, मग कुणाचा ओटीपी आणायचा? तिची अडचण सर्व्हरची नव्हतीच, त्या फॉर्मात तिला जागाच नव्हती. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली तेव्हा अशा बहिणींसाठी मृत्यूचा दाखला देण्याची सोय झाली. तोवरचे दोन महिने खिडकीवर तिलाही ‘सर्व्हर’च ऐकू येणं शक्य होतं.

चालू क्वेरींची यादी इथे कामाची आहे. बाई खिडकीवर अडलीय आणि आतल्या यादीत रांगच नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे. ओटीपीत, फॉर्मात, नाहीतर नियमात. आणि यादीत रांग आहे तर ती कुणामुळे, हेही दिसतं. रांग असेल तर बाईला ‘दोन तासांनी ये’ म्हणता येतं. ओटीपीचं दुखणं असेल तर मोबाइल क्रमांक आधारला जोडलाय का ते बघता येतं. फॉर्ममध्ये जागाच नसेल तर ती शंभरदा आली तरी काम व्हायचं नाही. तिला परत बोलावणं म्हणजे तिची रोजी पुन्हा बुडवणं.

मात्र या यादीचा एक दुर्गुण आहे. ती फक्त ‘आत्ता’ची असते. प्रश्न संपला, ओळ गेली. गेटवरची वही निदान संध्याकाळी उघडून बघता येते. इथे वही मुद्दाम ठेवली नाही तर काहीच उरत नाही. मोठ्या गोदामांत झालेल्या क्वेरींचा इतिहास काही काळ जपायची सोय असते. पोस्टग्रेससारख्या ठिकाणी लांबलेल्या क्वेरींची नोंद लॉगमध्ये लिहायला सांगून ठेवावं लागतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडलं आणि बाईचं नाव सुटलं, तर ‘तू वेळेत का नाही केलंस?’ असं तिलाच विचारलं जातं. ती त्या दिवशी तिथे उभी होती आणि यंत्र अडलेलं होतं, हे सिद्ध करणारी ओळ आतल्या लॉगमध्येच सापडू शकते. आणि ती शोधायला तारीख आणि वेळ लागते. ‘दिवाळीच्या आधी गेलो होतो’ यावर कुणालाच काही शोधता येत नाही, एजंटलाही नाही.

तेव्हा गटाच्या रजिस्टरमध्ये मागची दोन-तीन पानं यासाठी राखून ठेवा. काम अडलं की परतल्यावर लिहायचं. तारीख, किती वाजता ते किती वाजेपर्यंत, कोणतं केंद्र, कोणती योजना, अर्ज क्रमांक, आणि पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे. शब्द इंग्रजीत असतील तर केंद्रचालक दादाला पडद्याचा फोटो काढून द्यायला सांगा. फोटोत आधार क्रमांक दिसत असेल तर तो बोटाने झाका, मग फोटो घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं सीआरपी ताईंनी लिहून द्यावं. एकाच दिवशी, एकाच वेळी चार गावांच्या बाया अडल्या असं प्रभागसंघात लक्षात आलं, तर ती एकीची तक्रार राहत नाही.

आणि विचारायचा हक्क आहेच. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. त्यात ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येत लॉगबुक आणि संगणकात साठवलेली सामग्री, दोन्ही येतं. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही, फक्त कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मजकूर असा करता येईल. ‘अमुक तारखेला, अमुक ते अमुक वेळेत, अमुक योजनेच्या संकेतस्थळाची सेवा बंद किंवा संथ होती काय, याची लॉगमधील नोंद व तिचे कारण. त्या वेळेत अडलेल्या अर्जदारांना मुदतवाढ दिली असल्यास त्या आदेशाची प्रत.’ दुसऱ्या कुणाची वैयक्तिक माहिती मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये.

ज्या गटांना हा मजकूर लिहून हवा असेल त्यांनी गटाचं नाव आणि गाव केंद्रावर कळवा. पुढच्या भागाच्या शेवटी तो सावकाश, उतरवून घेता येईल असा, पुन्हा वाचून दाखवीन. नमस्कार.